लेखणी उचलण्याआधी

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो. वेळ तीन तास. दोन विभाग, प्रत्येक विभागात चार विषय. दोन्हींतून एकेक निवडून दोन निबंध लिहायचे, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचे. पेपर मराठीतूनही लिहिता येतो. म्हणजे एका निबंधाला दीड तास मिळाला. सरावलेल्या हाताला बाराशे शब्द कागदावर उतरवायला साधारण तासभर लागतो. उरला अर्धा तास. या प्रकरणाचा विषय तो अर्धा तास आहे. तुम्हाला परीक्षा द्यायची नसेल, कॉलेजच्या वार्षिकांकासाठी किंवा एखाद्या दिवाळी अंकाच्या लेखन स्पर्धेसाठी लिहायचं असेल, तरी हिशेब तोच राहतो. फक्त अर्ध्या तासाचे दोन-तीन दिवस होतात.

बहुतेक जण हा वेळ वाचवायला बघतात. विषय वाचला की पहिलं वाक्य सुचतं, ते ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ असं काहीतरी असतं, आणि पेन चालू लागतं. दुसऱ्या पानावर जवळचं सगळं संपतं. मग तेच वेगळ्या शब्दांत, मग एक सुभाषित, मग सरकारने, समाजाने आणि आपण प्रत्येकाने काय करायला हवं याची यादी.

यात लिहिणाऱ्याचा दोष थोडाच. शाळेत आपल्याला निबंध म्हणून जे मिळालं तो एक साचा होता: प्रस्तावना, मुद्दे, समारोप. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय पिढ्यान्‌पिढ्यांनी लिहिला आणि जवळपास सगळ्यांनी एकच निकाल दिला, की ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. या निकालाला कुणीच हरकत घेणार नाही. म्हणून तर तो ऐकण्यासाठी आधीची तीन पानं वाचायचं कारण उरत नाही. साचा कुठे काय ठेवायचं ते सांगतो. तुम्हाला काय म्हणायचं आहे ते त्याला माहीत नसतं.

इथे एक वेगळी वाट बाजूला काढून ठेवू. फ्रान्समध्ये १५८० साली माँतेनने आपले निबंध छापले तेव्हापासून भटकत, रेंगाळत, स्वतःशी बोलत लिहायची एक मोठी परंपरा आहे; मराठीत ना. सी. फडके, अनंत काणेकर, दुर्गा भागवत, इरावती कर्वे यांनी ती आपापल्या परीने चालवली. त्या लेखनाचाही आराखडा असतो, तो बाहेरून दिसत नाही इतकंच. पण त्याच्याकडे नंतर जावं. आधी ज्याला वैचारिक निबंध म्हणतात तो जमायला हवा, ज्यात लेखक एक बाजू घेतो आणि ती शेवटपर्यंत लावून धरतो.

विषय घेऊ: ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’. परीक्षेत या ना त्या रूपात हा येतोच आणि प्रत्येकाला त्याबद्दल काहीतरी माहीत असतं. तीच अडचण आहे.

पहिली दहा मिनिटं कच्चं काम. आठवेल ते कागदावर टाकायचं, क्रमाचा विचार न करता. माझ्या कागदावर साधारण हे उतरलं. १९७२चा दुष्काळ, रस्त्यांवर खडी फोडणारी माणसं, त्यातून पुढे आलेली रोजगार हमी योजना. तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरच्या लातूरला रेल्वेने नेलेलं पाणी. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार, जिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेली पाणी पंचायत: पाण्याचा हिस्सा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरतो, भूमिहीनालाही हिस्सा मिळतो, उसाला पाणी नाही. ऊस, साखर कारखाने. जायकवाडी, आणि वरच्या धरणांतून तिथे पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद. २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा. टँकर. चारा छावण्या. शेतकरी आत्महत्या. हवामान बदल.

एवढा ऐवज हाती आला की लगेच लिहायला बसावंसं वाटतं. बसू नये. यात माहिती आहे. निबंध अजून नाही. जो निबंध या यादीतून सरळ निघतो तो मी वह्यांमध्ये फार वाचला आहे. त्यातला एक परिच्छेद साधारण असा असतो:

‘महाराष्ट्रात दुष्काळ ही मोठी समस्या आहे. १९७२ साली भीषण दुष्काळ पडला होता. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. शेतकरी आत्महत्या करत आहेत. हिवरे बाजारने आदर्श घालून दिला आहे. शासनाने ठोस पावले उचलणे गरजेचे आहे.’

एकही वाक्य खोटं नाही. पण कुठलंही वाक्य कुठेही हलवा, काही बिघडत नाही. परिच्छेद तपासायची इतकी सोपी कसोटी दुसरी नाही: वाक्यांची अदलाबदल करून पाहायची. काहीच बिघडलं नाही, तर ती मुद्द्यांची भेळ आहे.

म्हणून पुढची दहा मिनिटं कागदावरच्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करायच्या. खटकणारं शोधायचं. मला खटकली ती १९७२ आणि २०१६ यांची जोडी. ७२च्या आठवणी सांगणारी जुनी माणसं धान्याबद्दल बोलतात. मिलो ज्वारी खाल्ली, मदत म्हणून वाटलेली सुकडी खाल्ली. पिण्यापुरतं पाणी कुठे ना कुठे मिळत होतं. २०१६ला लातूरच्या दुकानांत धान्य होतं आणि नळाला पाणी नव्हतं. दोन्हींना आपण दुष्काळच म्हणतो. मग मधल्या काळात नेमकं काय बदललं? आणि दुसरं खटकणारं: हिवरे बाजार आणि नायगाव दोन्ही अवर्षणप्रवण पट्ट्यातली गावं. पाऊस तिथेही बेताचाच, तरी त्यांनी निभावून नेलं.

या दोन खटक्यांतून एक विधान निघतं: पाऊस कमी पडणं निसर्गाच्या हातात आहे, पण कमी पावसाचा दुष्काळ होतो की नाही, हे पाणी कसं वाटलं जातं यावर ठरतं.

हे विधान लिहून त्याखाली रेघ मारायची आणि मग स्वतःच त्याच्या अंगावर जायचं. एखादा शहाणा, माहितगार माणूस याला काय म्हणून विरोध करील? विरोध करणारा मूर्ख कल्पू नका, ती सवय वाईट. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४पासून सात वर्षं चालली, तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि मराठी गद्याला तिने जी ऐट दिली ती कुणी नाकारत नाही. पण त्याच निबंधमालेत जोतीराव फुल्यांवर लिहिताना शास्त्रीबुवा त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडवण्यात रमले. जातिव्यवस्थेबद्दल फुले जो प्रश्न विचारत होते त्याच्याशी त्यांनी सरळ झुंज घेतली असती तर तो लेख आजही वाद घालण्याजोगा राहिला असता. आज तो वाचला जातो तो बहुधा पूर्वग्रहाचा नमुना म्हणून. प्रतिपक्षाचा सगळ्यांत दुबळा धागा ओढला की लेखकाचं वस्त्र उसवतं.

तर आपल्या विधानाला सगळ्यांत जड आक्षेप कोणता? ‘पाणी वाटपावर ठरतं’ म्हटलं की बोट उसाकडे जातं. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा हिस्सा तो पितो. निबंधात इथे शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. माहितगार माणूस विचारील: ऊस लावणारा शेतकरी वेडा आहे का? उसाला केंद्र सरकारने ठरवलेली किमान किंमत, एफआरपी, आहे. तोड कारखाना करतो, माल फडातून उचलतो. गारपीट झाली तरी पीक सगळं जात नाही. तूर किंवा ज्वारी लावणाऱ्याला यातलं काय मिळतं? बाजार समितीत हमीभावाच्या खाली तूर विकून आलेल्या माणसाला पाण्याच्या काटकसरीवर व्याख्यान देणं तुम्हाला जमेल का?

या आक्षेपाने आपलं विधान मोडत नाही, पण ते होतं तसं राहतही नाही. आता ते असं होतं: कमी पावसाचा दुष्काळ होतो की नाही हे पाण्याच्या वाटपावर ठरतं, आणि ते वाटप शेतकऱ्याच्या हावेपेक्षा पिकाच्या खात्रीच्या भावाने ठरतं, म्हणून कोरडवाहू पिकाला उसाइतकी खात्री मिळेपर्यंत पाणी उसाकडेच जाणार. पहिल्या विधानावर माना डोलल्या असत्या. याच्यावर भांडण होऊ शकतं. निबंध लिहायला आता कारण मिळालं.

आराखड्यातलं खरं काम इथवर झालं. वीस मिनिटं गेली असतील आणि कागदावर एक लांबलचक वाक्य आहे. अनेकांना वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण उरलेल्या दहा मिनिटांत क्रम लावणं हे आता जवळपास यांत्रिक आहे, कारण विधान हातात असलं की वाचक पुढे काय विचारणार ते आपोआप कळतं. दुष्काळ वाटपावर ठरतो कशावरून? इथे ७२ आणि २०१६. पाऊस कमी असूनही कुणी निभावून नेलं आहे का? इथे नायगाव आणि हिवरे बाजार. मग सगळे तसं का करत नाहीत? इथे ऊस आणि त्याची खात्री, आणि हे या निबंधाचं मुख्य दालन. जागाही सर्वांत जास्त इथेच द्यायची. लहान गावात जमलेलं लातूरसारख्या शहराला कसं लागू होईल? हा प्रश्न अवघड आहे, तो टाळायचा नाही. शहर बैठका घेऊन पाणी मोजू शकत नाही, पण ज्या धरणावर ते अवलंबून आहे त्यातलं पाणी आधी कुणाला, याचा निर्णय कुणीतरी घेतच असतो; तो कुठे आणि कसा घेतला जातो हे विचारता येतं. मग काय करायला हवं?

पाच प्रश्न, त्यांची पाच उत्तरं. प्रत्येकासमोर एक ओळ आणि कंसात अंदाजे शब्द. दीडशे, दोनशे, चारशे, दोनशे, शंभर. हे आकडे लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण नेमके यांच्यामुळेच निबंध १९७२च्या वर्णनात अर्धा संपत नाही.

आता टाकून द्यायचं काय ते. चारा छावण्या गेल्या. हवामान बदल गेला. तो खरा आहे, मोठा आहे, पण आपल्या विधानाशी त्याचं नातं जोडायला आणखी पाचशे शब्द लागतील. रोजगार हमी योजनेचं काय? इतकी अभिमानाची गोष्ट, पुढे देशभरच्या योजनेला वाट दाखवणारी. ती पूर्ण परिच्छेद घेऊन बसणार असेल तर नको. ७२नंतर राज्याने भुकेवर उपाय शोधला, हे दाखवायला अर्धं वाक्य म्हणून आली तर उत्तम. जायकवाडीचा वाद सोडताना मात्र हात थरथरतो. नाशिक-नगरची धरणं वर, पैठणचं जायकवाडी खाली, मध्ये कायदा, न्यायालयं आणि दर दुष्काळी वर्षी तापणारं राजकारण. पण तो या निबंधात शिरला की निबंध त्याचाच होतो. त्याला वेगळा कागद द्यावा. चांगल्या निबंधाच्या कच्च्या कागदावर पक्क्या निबंधात न आलेलं पुष्कळ काही असतं आणि ते तसंच असायला हवं.

लिहायला बसल्यावर परिच्छेद हा एकक धरायचा. वर जो भेळीचा परिच्छेद दिला, त्यातलीच दोन तथ्यं घेऊन पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं लिहिता येईल:

‘दोन दुष्काळांत माणसाला दोन वेगळ्या गोष्टींची वाण पडली. १९७२ साली घरात दाणा नव्हता, म्हणून माणसं खडी फोडायला गेली. पिण्याचं पाणी लांबून का होईना मिळत होतं. २०१६ साली लातूरच्या दुकानांत गहू-तांदूळ होते आणि पाणी मिरजेहून रेल्वेने येत होतं. मधल्या काळात राज्याने भुकेल्याला काम आणि धान्य पोचवायची व्यवस्था उभी केली. पाण्याची तशी व्यवस्था झालेली नाही, निदान सगळीकडे नाही.’

यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य उलटंपालटं केलं तर चौथं लंगडं पडतं. पहिलं वाक्य काढलं तर दोन तारखा नुसत्या तारखा राहतात. आणि शेवटचे तीन शब्द, ‘निदान सगळीकडे नाही’, हे दार उघडं ठेवतात. त्यातून पुढचा परिच्छेद, नायगाव आणि हिवरे बाजार, आत येतो. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याशिवाय’ हे शब्द परिच्छेदाच्या आरंभी वारंवार येऊ लागले तर समजावं, की जोड विचारात नाही, म्हणून शब्दांनी बांधली जाते आहे.

सुरुवात शेवटी लिहावी असा सल्ला बरेच जण देतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते शक्य नसतं, पण मनात तरी ती शेवटी ठरवावी. आपल्या निबंधाची सुरुवात आता सरळ आहे: लातूरच्या स्टेशनात शिरणारी पाण्याची गाडी. पाच लाख लिटर, ३४० किलोमीटर. मग एकच वाक्य, की त्याच वर्षी त्याच भागात ऊसही उभा होता. वाचकाच्या मनात प्रश्न पडतो आणि तो तुम्ही न विचारता पडतो. व्याख्येने सुरुवात करू नका. ‘प्राचीन काळापासून’ तर नकोच. दुष्काळाला प्राचीन काळ असेल, तुमच्या विधानाला नाही.

शेवटाबद्दल एक जुना निबंध सांगण्यासारखा आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता, पुण्यात फुले दांपत्याने चालवलेल्या शाळेची विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. तिने आधी तर्क मांडला: वेद केवळ ब्राह्मणांसाठी असतील आणि आम्हाला ते पाहण्याचीही मनाई असेल, तर आम्ही धर्मग्रंथाशिवायचे, म्हणजेच धर्माशिवायचे ठरत नाही का? मग पेशवाईतल्या अत्याचारांचा दाखला. मग बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या बाईचं दुःख, जे कुठल्याही पुरुषाने त्या ठिकाणी आणलं नसतं. इथवर ती देवाशी आणि वरच्या जातींशी बोलते आहे. शेवटाकडे ती तोंड वळवते आणि आपल्याच माणसांना हाक मारते: तुम्ही आजारी आहात, ज्ञानाचं औषध घ्या.

तिने समारोप केला नाही. आधी मांडलेल्याची उजळणी केली नाही. ऐकणारा बदलला, आणि तक्रारीचा कामाचा हुकूम झाला. साचा शिकवायला कुणी नव्हतं म्हणून तिला हे जमलं असेल, किंवा काय म्हणायचं आहे ते तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की साच्याची गरजच पडली नसेल. आपल्या दुष्काळाच्या निबंधालाही शेवटच्या शंभर शब्दांत असंच काहीतरी लागतं: पाणी आणि पीक यांवरून नजर उचलून, तुरीचा हमीभाव नुसता जाहीर करणाऱ्यांकडे आणि प्रत्यक्ष खरेदी न करणाऱ्यांकडे वळणं. ‘आपण सर्वांनी पाणी जपून वापरलं पाहिजे’ या वाक्यावर हा निबंध संपला, तर आधीच्या हजार शब्दांशी ती बेइमानी होईल, कारण त्या हजार शब्दांनी नेमकं हेच दाखवलं, की नुसतं जपून वापरल्याने भागत नाही.

लिहून झाल्यावर पाच मिनिटं राखून ठेवा. सगळं वाचायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचा, एकापुढे एक. ती वाक्यं सलग वाचून निबंधाचा सारांश कळला तर बांधणी बरी आहे. एखाद्या ठिकाणी ठेच लागली तर तिथे मधला दुवा तुमच्या डोक्यातच राहिला आहे. एक वाक्य समासात लिहून बाण काढा, परीक्षक बाणाला नावं ठेवत नाहीत. मग ‘अत्यंत’, ‘भीषण’, ‘ज्वलंत’ यांवरून काट मारत जा. ‘अत्यंत भीषण दुष्काळाची ज्वलंत समस्या’ यातले तीन शब्द गेले की ‘दुष्काळाची समस्या’ उरते, आणि मग ‘समस्या’ही कशाला असा प्रश्न पडतो.